काळ्या दगडातला डोळा

मुंबईहून परत आल्यापासून श्रेया विहिरीकडे फिरकत नव्हती. घरात ही गोष्ट फक्त तुकाबाईच्या ध्यानात आली होती.

एरवी शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचं, ही या नातीची रीत. तिथं बसून पाढे म्हणायची, आत खडे टाकायची, स्वतःशीच बडबडायची. आता हाक मारली तर "डोकं दुखतंय" म्हणून आत जाऊन पडायची. आजीनं डोक्याला तेल लावायला घेतलं की मान काढून घ्यायची.

तुकाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दुखणाईत मेंढरू आधी ओरडत नाही. खातंपितं, चालतं, पण हळूहळू कळपाच्या मधून कडेला सरकतं. ज्याला ते कडेला सरकणं दिसतं, त्याचं मेंढरू वाचतं. पोरगी कडेला सरकली होती.

"दादाभाऊ," तिनं लेकाला विचारलं, "ममईत काय झालं रं?"

"काय व्हायचंय? झाक झालं सगळं."

"मग पोरगी अशी का?"

"आये, शो लागूस्तवर काय बी बोलायचं न्हाई असं कबूल करून घेतलंय त्यांनी. तू मला इचारू नको अन् तिला तर आजिबात इचारू नको."

चांगल्या गोष्टीला कुणी कुलूप लावत नाही, असं तुकाबाईचं मत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तो शो म्हणजे लहान मुलांचा खेळ होता, ‘बघ, आठव, सांग’ नावाचा. दर शनिवारी संध्याकाळी लागायचा. पोरांना टेबलावर नाना वस्तू दाखवायच्या, वर कापड टाकायचं आणि क्रमानं सांगायला लावायचं. मग आकड्यांची कोडी, आगपेटीच्या काड्यांची कोडी. शेवटी दोनच पोरं उरली की एक जुनं, बोलीतलं कोडं. जो आधी सोडवेल तो फायनलला. सहावीतली श्रेया अवसरी बुद्रुकच्या शाळेतून निवडत निवडत थेट मुंबईच्या स्टुडिओपर्यंत पोचली, तेव्हा गावानं भैरवनाथाच्या देवळापुढं तिचा फोटो असलेला फ्लेक्स लावला होता.

पण तुकाबाईचा या टीव्हीवाल्यांवरचा भरवसा त्याआधीच उडाला होता. नूतन मॅडम घरी आल्या, त्या दिवशीच.

घरचं शूटिंग करायला त्या कॅमेरावाल्याला घेऊन आल्या होत्या. बाई गोड होती, पायरीवर मांडी घालून चहा पिणारी. पण आल्या आल्या विचारलं, "मेंढरं कुठायत?"

"मेंढरं इकून लई वरसं झाली, बाई. आता कांदा, बटाटा अन् कोथिंबीर."

मॅडमचा चेहरा पडला. धनगराच्या घरची पोरगी आणि मेंढरू नाही, म्हणजे लग्नात नवरदेव नाही असंच झालं. शेवटी दादाभाऊनं चुलतभाऊ बिरदेवाला फोन केला. त्यानं आपली मेंढरं वाकडी वाट करून मळ्यात आणली. ज्या पोरीला मेंढराच्या वासानं शिंका येतात, तिला कोकरू उचलून बांधावरून चालायला लावलं. पुन्हा चाल, पुन्हा हस. कोकरू ओरडत होतं, पोरगी शिंकत होती आणि कॅमेरावाला म्हणत होता, "एकदम नॅचरल!"

हे लोक नसलेलं असलेलं करून दाखवतात, एवढं तुकाबाईला त्या दिवशी कळलं.

ते सगळं बांधावर चाललेलं असताना नूतन मॅडम तिच्याजवळ येऊन बसल्या. "आजी, जुनी कोडी सांगा ना. तुमच्या सासू-आजेसासूच्या वेळची."

असं विचारणारं माणूस तुकाबाईला कितीतरी दिवसांनी भेटलं होतं. घरात आता कोडं घालायचं म्हटलं तर वृषाली, तिची सून, कुकरची शिट्टी मोजत असायची आणि दादाभाऊ टेम्पोत. एक श्रेया तेवढी ऐकायची. तुकाबाईनं पदर सावरला आणि सुरू झाली. मॅडमनं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. "तुम्ही बोलत राहा आजी. तुम्ही बोलाल ते हा आपोआप लिहितो."

"आपसूक?"

"आपसूक!" मॅडम हसल्या.

गुऱ्हाळाचं कोडं सांगितलं, जात्याचं सांगितलं, आणि शेवटी घरचं सांगितलं. ते तिच्या सासूनं, सोनीबाईनं, रचलेलं. मळ्यात खडक फोडायचं काम चाललं होतं. बाया पाट्या डोक्यावर घेऊन दगड वर काढायच्या आणि दमल्या की सोनीबाई काहीतरी जोडायची, म्हणजे हसू येऊन पाय उचलावेत. सुरुंगाच्या धुरातून पहिल्यांदा तळाशी काहीतरी चमकलं, तेव्हा तिनं पाटी तिथंच टाकली होती आणि हात नाचवत म्हणाली होती:

‘काळ्या दगडाच्या पोटात लकलक डोळा,
खडक फोडावा तवाच घावावा,
ज्याला घावला त्याचा सोहळा.’

तुकाबाई तेव्हा नवी सून होती. तिच्या ओल्या लुगड्याला तो दगडाचा चिखल लागला होता, त्याचा वास तिला अजून आठवत होता.

"आणि उत्तर?" मॅडमनं विचारलं होतं.

"हीर!"

"वा, किती सुंदर!" मॅडम म्हणाल्या, आणि मोबाईलनं आपसूक लिहून घेतलं.

*

शनिवारी संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची मंगल सगळ्यात पुढं, टीव्हीच्या नाकाला नाक लावून बसली होती. वृषालीनं पोह्यांची पातेली उतरवली होती. श्रेया मात्र आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर, दाराआड अर्धी.

"ये की पुढं, हिरोईन!" मंगल ओरडली. "आता आमाला तुझी सही घ्यावी लागंल."

श्रेया हलली नाही. तुकाबाईचा एक डोळा टीव्हीवर आणि एक दाराकडे.

आधी ते उसनं कोकरू आलं. बिरदेवाची मेंढरं आली. मागून बासरी वाजली. मग खेळ सुरू झाला. कापडाखालच्या वस्तू श्रेयानं अशा धडाधड सांगितल्या की मंगलनं मांडीवर थाप मारली. एकेक पोर गळत गेलं. शेवटी दोघं उरली: श्रेया आणि जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकचा समर्थ. कपाळावर केस आलेला, बारीक, उत्तर द्यायच्या आधी डोळे मिटून घेणारा पोरगा.

"दोघं आपल्याच बाजूचे!" दादाभाऊनं सगळ्यांना सांगितलं.

आणि टीव्हीवरच्या त्या कोटवाल्या सरांनी कोडं वाचलं. "काळ्या दगडाच्या पोटात लकलक डोळा..."

वृषालीनं सासूकडे पाहिलं. तुकाबाईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. सोनीबाई जाऊन किती काळ लोटला, आणि तिचे शब्द असे कोटाबुटातल्या माणसाच्या तोंडून!

समर्थनं डोळे मिटले. ओठ हलवले. मग बटण दाबलं. "विहीर!"

भोंगा वाजला. "अरेरे! चूक! श्रेया?"

श्रेयाच्या तोंडून शब्द निघतो न निघतो तोच ढँणकन बाजा वाजला. मागच्या मोठ्या पडद्यावर पैलू पाडलेला, चमचमणारा खडा गरगर फिरायला लागला.

"हिरा! एकदम बरोब्बर! श्रेया फायनलमध्ये!"

घर उठलं. कुणी शिट्टी मारली. कुणी दादाभाऊला खांद्यावर घ्यायला धावलं. टीव्हीत वरून चमकीचे कागद पडत होते आणि घरात मंगल पोह्यांतले शेंगदाणे उधळत होती.

तुकाबाई बसल्या जागी गार झाली.

हिरा? सोनीबाईच्या कोड्याचं उत्तर हिरा? तिनं ‘हीर’ सांगितलं, त्या फोनानं ‘हिरा’ ऐकलं, हे तिला लगेच उमगलं. त्यात नवल नव्हतं. अवसरीत विहिरीला सगळे हीरच म्हणतात, पण मुंबईच्या फोनाला ते काय ठाऊक? तिला टोचत होतं ते वेगळंच. श्रेयाला तर हे कोडं तोंडपाठ होतं. तिला उत्तर ठाऊक होतं. मग त्यांचं ते चुकीचं उत्तर तिच्या तोंडात आलं कुठून?

कुणीतरी सांगितल्याशिवाय आलं नसेल. उसनं कोकरू उचलायला लावणाऱ्यांनी गुपचूप उत्तरही सांगितलं असेल.

तिनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

गर्दी पांगताना मंगल पायरीवर थांबली. चप्पल घालायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागत होता. "एक इचारू का, तुकामावशी? ते कोडं तुमच्याच घरचं ना वं? कांदं लावताना तुमीच घालायचा आमाला."

"व्हय."

"मंग मॅडम घरी येऊन गेली, चहा पिऊन गेली, अन् घरचंच कोडं घरच्याच पोरीला! लई भारी योगायोग म्हणायचा." मंगलनं दुसरी चप्पल शोधली. "मी काय म्हणत न्हाई. गाव म्हणंल."

"गाव म्हणायच्या आत तू म्हणलीस की."

पण मंगल बोलली तेच तुकाबाईच्या पोटात होतं, म्हणून तिला राग आला. दादाभाऊनं मोबाईलवर तोच भाग पुन्हा लावला. तुकाबाईनं तो कानाला लावून ऐकला. श्रेया म्हणत होती "हिर्..." आणि पुढं नुसता बाजा. पुढचं अक्षर होतं की नव्हतं, काही केल्या कळेना. एवढ्याशा काना-मात्रेवर आपली नात लबाड की खरी ते अडकलंय, या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

*

सकाळी तिनं श्रेयाला कोथिंबीर कापायला म्हणून बरोबर घेतलं आणि वाट मुद्दाम विहिरीवरून काढली. कठड्याशी आल्यावर ती थांबली. खाली पाणी होतं, उन्हाचा एक तुकडा त्यात पडला होता. सोनीबाईचा डोळा तसाच लकलकत होता.

"काळ्या दगडाच्या पोटात..." तुकाबाईनं सुरुवात केली.

"नको ना, आजी."

"उत्तर सांग."

"तुला ठावंय."

"मला ठावंय. तुला कुणी सांगितलं, ते इचारतीये मी."

श्रेयानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं, संतापाचं होतं. "मला इचारतीस? तूच सांगितलंस ना मॅडमला? मी जिंकावं म्हणून! तिथं सरांनी कोडं वाचलं तवाच मला कळलं. आपल्या घराबाहेर हे कुणाला येतंय? सांग ना!"

तुकाबाईच्या हातातला विळा खाली आला. आपण पोरीवर पाळत ठेवून होतो, आणि पोरगी आपल्यावर. दोघी एकाच घरात, एकमेकींच्या पाठीकडे बघत.

"मी सांगितलं," ती सावकाश म्हणाली. "पर तिनं जुनी कोडी इचारली म्हणून. ते तुझ्याच म्होरं येईल हे मला काय ठावं? भैरवनाथाची आण." ती कठड्यावर टेकली. "अन् उत्तर मी हीर सांगितलं. तू हिरा कसं म्हणलीस?"

"मी हिरा म्हणलेच न्हाई!" श्रेया ओरडली. "मी हीर म्हणले. घरी म्हणतो तसंच. सरांना ऐकू आलं हिरा. मागं तो खडा फिरायला लागला, वरनं कागद पडायला लागले, पप्पा नाचत व्हते... मग मी गप बसले."

"अन् ते पोरगं?"

श्रेयाचा आवाज खाली आला. "त्यानं नीट ऐकलं व्हतं. तो शेजारीच व्हता ना. तो म्हणला, ‘सर, एकच की ते. हीर म्हणजे विहीरच.’ सर हसले अन् त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला खाली पाठवलं. टीव्हीवर ते दाखवलंच न्हाई." तिनं बाहीला नाक पुसलं. "आजी, मला तर पाठ व्हतं गं. त्याला म्हाईत बी नव्हतं. त्यानं डोळे मिटले अन् सोडवलं."

तुकाबाईनं तिला जवळ ओढलं. या वेळी पोरीनं मान काढून घेतली नाही.

"चल," आजी म्हणाली. "बोरीला जायचं."

*

दादाभाऊनं घर डोक्यावर घेतलं. फायनल तोंडावर, गावानं फ्लेक्स लावलेला, आणि या दोघी निघाल्या बोरीला! "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा का, आये?"

"त्या पोराच्या पायावर पडलाय त्याचं काय?"

वृषालीनं नवऱ्याच्या मोबाईलमधून स्टुडिओत घेतलेला समर्थच्या वडलांचा नंबर शोधला, फोन करून घर कुठं ते विचारून घेतलं आणि सासूच्या पिशवीत भाकरी-चटणीबरोबर तो मोबाईलही ठेवला. मंचरहून एसटीनं नारायणगाव, तिथून जीपनं बोरी. जीपमध्ये दोघी मांडीला मांडी लावून बसल्या आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा श्रेया खिडकीतून बघून म्हणाली, "आजी, इथं पण ऊस."

समर्थच्या दारात त्याचा आजा, गेणूभाऊ, बाजेवर बसला होता. डोक्याला टापशी, हातात तंबाखूची डबी. श्रेयाला बघताच त्याच्या भुवया चढल्या. ही पोरगी त्यानं काल टीव्हीत पाहिली होती.

"कोण म्हणायचं पावणं?"

तुकाबाईनं सांगितलं. गेणूभाऊनं दोघींना बसायला सांगितलं नाही. तो उठला, अंगणाच्या कडेला गेला, गोठ्यात डोकावला, रस्त्यावर दोन्हीकडे पाहून आला.

"काय बघताय, भाऊ?"

"कॅमेरा. कुठं लपवलाय?"

"कॅमेरा न्हाई वो. आमी दोघीच आलोय."

"तुमी टीव्हीवाली माणसं. मागं आमच्या घरी बी आले व्हते. आमची म्हस नको म्हणले, शेजारच्याचा बैल आणला." तो पुन्हा बाजेवर टेकला, पण अंग चोरूनच. "अन् आता हरलेल्या पोराचं रडणं काढायला आलाय व्हय?"

तुकाबाईला एवढ्यातही हसू आलं. "आमच्याकडं उसनी मेंढरं आणली व्हती. बसू का?"

"बसा," गेणूभाऊ नाइलाजानं म्हणाला.

समर्थ दारात येऊन उभा राहिला होता. श्रेयाकडे पाहात नव्हता. तुकाबाईनं त्याला जवळ बोलावलं. "लेकरा, कालचं कोडं. तू विहीर म्हणलास का हीर?"

"विहीर म्हणालो. शाळेत तसंच शिकवलंय."

"अन् घरी काय म्हणता?"

पोरगा आज्याकडे बघून हसला. "हीर."

"तुझं बरोबर व्हतं," श्रेया एकदम म्हणाली. "मी पण हीरच म्हणलेले. तुला ठाऊकय."

"ठाऊकय." तो खालच्या मातीत अंगठा फिरवत राहिला. "मी आज्यांना सांगितलं. ते म्हणाले, गप बस, मोठ्या लोकांशी वाद घालू नको."

तुकाबाईनं दादाभाऊचा मोबाईल पिशवीतून काढला. तिथंच, अंगणात, आवाज मोठा करून नूतन मॅडमना लावला. मॅडमनी आधी अभिनंदन केलं. मग तुकाबाईनं त्यांना सगळं सांगितलं.

"आजी, पण मोबाईलनं हिराच लिहिलं होतं. मी नंतर वाचलं, मला वाटलं, दगडातला चमकणारा डोळा, म्हणजे हिराच."

"बाई, हिऱ्यासाठी आमी जलमात दगड फोडला न्हाई. पाण्यासाठी फोडला."

मग श्रेयानं मोबाईल घेतला. तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "मॅडम, ते कोडं आमच्या घरचंय. मला पाठ होतं. समर्थनं सोडवलं. त्याला फायनलला घ्या."

"आणि तू, श्रेया?"

श्रेयानं आजीकडे पाहिलं. तुकाबाईनं नजर गोठ्याकडे वळवली. उत्तर पोरीच्याच तोंडून यायला हवं होतं.

"मला न्हाई घेतलं तरी चालंल," श्रेया म्हणाली. मग घाईघाईनं जोडलं, "पर घेतलं तर येईन."

गेणूभाऊ खदाखदा हसला. हसता हसता पुन्हा एकदा गोठ्याकडे नजर टाकलीच, पण या वेळी आत हाक मारून चहा टाकायलाही सांगितलं.

*

मॅडमचा फोन चौथ्या-पाचव्या दिवशी आला. वरच्यांशी बोलून झालं होतं. लागलेला भाग काही बदलता येणार नव्हता. पण फायनलला एक जागा वाढवली होती. समर्थही येईल, श्रेयाही. फक्त एक अट होती: झालेली चूक कुणी बाहेर बोलायची नाही. दादाभाऊनं कबूल केलं. श्रेयानं मान डोलावली. बोरीतही कबूल झालं म्हणे.

"मला कुणी इचारलंच न्हाई," तुकाबाई म्हणाली, आणि चप्पल घालून शेजारी गेली.

मंगल लसूण सोलत होती. तुकाबाईनं तिच्यापुढं बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं: आपसूक लिहिणारा मोबाईल, हीर आणि हिरा, बोरीचं पोर, गोठ्यात कॅमेरा शोधणारा म्हातारा. मंगल लसणाची पाकळी हातात धरून ऐकत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिनं डोळे बारीक केले.

"हीर म्हणली अन् हिरा ऐकू आलं! अन् तुमी ते सांगायला पार बोरीपतूर गेलात! अन् टीव्हीवाल्यांनी जागा बी वाढवली!" तिनं मान हलवली. "मावशी, एवढी सरळ गोष्ट असती व्हय कुठं? कुठंतरी पाणी मुरतंय बघा."

विहिरीकडून खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला. मागोमाग दुसरा. श्रेया कठड्यावर बसली असणार.

"मुरू दे," तुकाबाई उठता उठता म्हणाली. "मुरल्याबिगर हिरीला पाणी यायचं कसं?"